चोराचं काम

४ फेब्रुवारी २००७

प्रिय निवेदिता,

तुझं पत्र बुधवारी हातात पडलं. मराठी पत्रं इथे तपासणीत जरा जास्त अडकतात. वाचता कुणालाच येत नाहीत, नुसती उलटसुलट करून बघत असावेत. दियाने काढलेला हत्ती भिंतीवर लावलाय. टूथपेस्टने चिकटवला, इथे सगळे तसंच करतात.

एक सांगायचंय. गेल्या आठवड्यात तुरुंगाच्या चॅपलमध्ये आम्हाला एक सिनेमा दाखवला. जर्मन, काळा-पांढरा, बोलपट नुकते सुरू झाले होते तेव्हाचा, आणि भरपूर गाणी. गोष्ट मात्र लंडनची. एक नावाजलेला चोर. हातात पांढरे मोजे, छडी, आणि पोलिसांचा मोठा साहेब त्याचा जुना दोस्त. खून, दरोडे, सगळं करून हा रुबाबात फिरतो, भिकाऱ्यांच्या म्होरक्याच्या मुलीशी लग्न करतो आणि शेवटी तुरुंगात सडायचं सोडून चक्क बँकेत जाऊन बसतो, मालक म्हणून. तेव्हा आख्खी विंग हसली. माझा सेलमेट क्लाइव्ह म्हणाला, ''याचा वकील कोण ते विचारून घे.''

सिनेमा का दाखवला ते नंतर कळलं. बाहेरची एक संगीत कंपनी इथे त्याच गोष्टीवरचं नाटक बसवणार आहे. बायकांची कामं त्यांच्या गायिका करणार, पुरुषांची आम्ही. रूथ नावाची बाई पियानोवर बसून एकेकाला गायला लावत होती. मला इंग्रजी गाणं सुचेना, म्हणून नागपूरला क्लासात शिकलेलं एक नाट्यपद म्हटलं. मागची कुजबुज थांबली. संपल्यावर रूथने विचारलं, ''असं अजून काही येतं?''

चोराचं काम मला मिळालंय. म्हणजे मुख्यच.

प्रयोग एकोणीस एप्रिलला. बाहेरची माणसं तिकीट काढून येतात, आणि घरच्यांसाठी दोन खुर्च्या असतात. तू येशील ना? नोव्हेंबरपासून त्या रात्री मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

तुझा,
अपूर्व

*

वॉटफर्ड
१६ फेब्रुवारी २००७

प्रिय अपूर्व,

पत्र दोनदा वाचलं. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण ते फाडलं.

तुला झोप लागली याचा मला आनंद व्हायला हवा. पण बाहेरची माणसं तिकीट काढून येणार म्हणजे पेपरवालेही येणार. फोटो छापतील. मी रोज इथल्या हाय स्ट्रीटवरून चालत दुकानात जाते. दियाला शाळेत सोडते. गेटपाशी दोन आया अजून माझ्याकडे बघून बोलणं थांबवतात.

एक माणूस गेलाय, अपूर्व. तू गाडी चालवताना फोनकडे बघितलंस आणि सायकलवरचे मिस्टर हॉलिस घरी पोचले नाहीत. त्यासाठी तू तिथे आहेस. आणि आता तू हातमोजे घालून शिक्षेतून सुटणाऱ्या माणसाची गाणी म्हणणार, लोक टाळ्या वाजवणार. मला हे कसं वाटत असेल याचा विचार तू केलास का?

परवा आईंचा नागपूरहून फोन होता. ''जर्मनीत थंडी फार असेल, अपूर्वला कानटोपी घालायला सांग,'' म्हणाल्या. आपण त्यांना जर्मनीतलं प्रोजेक्ट सांगितलं, आणि तू तिथे जर्मन सिनेमातला चोर होतोयस. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मीही हसले असते.

बाकी ठीक. शिल्पा, आमची फार्मसिस्ट, मला सांभाळून घेते. दर मंगळवारी जीन म्हणून एक बाई येतात, झोपेच्या गोळ्या न्यायला. गोळ्या तयार होईपर्यंत खुर्चीवर बसून माझ्याशी बोलतात. डॅफोडिलचे कंद कुंडीत किती खोल लावायचे ते त्यांनीच शिकवलं. त्या आल्या की दिवसभर मला धड काम सुचत नाही. का, ते पुन्हा कधीतरी.

निवेदिता

*

२५ फेब्रुवारी २००७

प्रिय निवेदिता,

तुला माझी लाज वाटते, एवढंच लिहायचं होतं तर तेवढंच लिहायचंस.

मिस्टर हॉलिस गेले हे मला तू सांगायची गरज नाही. सायकल खड्ड्यात पडली होती, आणि तिचा मागचा लाल दिवा ॲम्ब्युलन्स येईपर्यंत लुकलुकत होता. मी त्याच्याकडेच बघत उभा होतो. तो दिवा मी कोर्टाला सांगितला नाही, कारण कुणी विचारलं नाही.

तालमी आठवड्यातून चार दिवस असतात. त्या वेळात आम्ही कोठडीबाहेर असतो, रूथ आम्हाला नावाने हाक मारते, आणि चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावते. टेरी म्हणून एक म्हातारा आहे, भिकाऱ्यांच्या म्होरक्याचं काम करतो. त्याची मुलगी कित्येक वर्षांनी पहिल्यांदा त्याला भेटायला येणार आहे, ती या प्रयोगालाच. रोज एकदा तरी तो मला विचारतो, ''कोट बरा दिसतो ना?''

एक अडचण आहे. नाटकाचा शेवट सिनेमापेक्षा वेगळा आहे. चोर फाशीच्या दोराखाली उभा असतो आणि राजाकडून माफी येते. सगळे जल्लोष करतात आणि मी गायला सुरुवात करायची. तिथे माझा घसा बसतो. रूथ म्हणते, पाणी पी.

तुला तिथे मैत्रीण मिळाली हे बरं झालं. जीनबाईंना माझा नमस्कार सांग म्हटलं असतं, पण मी कोण हे तू कुठे सांगतेस.

अपूर्व

*

वॉटफर्ड
८ मार्च २००७

प्रिय अपूर्व,

जीन म्हणजे मिसेस हॉलिस.

तुला हे सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. डिसेंबरात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा प्रिस्क्रिप्शनवर नाव आणि पत्ता वाचला, आणि हातातली बाटली खाली ठेवली. कोर्टात तू मला येऊ दिलं नाहीस, त्यामुळे त्यांनी मला कधी पाहिलेलं नाही. माझ्या बॅजवर फक्त निवेदिता लिहिलंय. शिल्पाला सांगून मी मागच्या खोलीत काम मागून घेऊ शकले असते. मी तसं केलं नाही. पुढच्या मंगळवारी त्या आल्या आणि म्हणाल्या, ''तुझा आवाज छान आहे, मुली. घरात आता कुणाचा आवाजच नसतो.'' मग मला ते जमलंच नाही.

परवा त्या आल्या तेव्हा बसल्या नाहीत. शिक्षा झालेल्यांबद्दल गेलेल्या माणसाच्या घरच्यांना कळवणारी एक ऑफिसर असते, तिचा फोन आला होता. पेपरात वाचून धक्का बसू नये म्हणून तिने नाटकाचं सांगितलं. जीन मला म्हणाल्या, ''माझ्या रॉनला मारणारा माणूस स्टेजवर गाणार आहे. लोक टाळ्या वाजवतील. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?''

मी गोळ्या पिशवीत भरल्या आणि म्हटलं, मला माहीत नाही.

तुझा तो सिनेमा मी पाहिला. लायब्ररीने दुसऱ्या शाखेतून डीव्हीडी मागवून दिली. दिया मैत्रिणीकडे गेली होती. मी तो रागावायच्या तयारीनेच लावला, पण खरं सांगते, सुरुवातीला मीही त्या माणसावर भुलले. छडी फिरवत असा चालतो की रस्ता त्याच्या मालकीचा. एक गाणारा माणूस चौकात उभा राहून त्याचे गुन्हे गाण्यात सांगतो आणि माणसं चवीने ऐकतात. मग माझ्या लक्षात आलं की एवढ्या सगळ्या माणसांत त्या मेलेल्यांच्या घरचं कुणी नाही. एकही बाई येऊन विचारत नाही की माझा नवरा कुठे आहे. मी तो बंद केला, आणि उरलेला दुसऱ्या दिवशी पाहिला.

मला तुझी लाज वाटत नाही. मला भीती वाटते. हे काम सोड. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही.

निवेदिता

*

१७ मार्च २००७

प्रिय निवेदिता,

तुझं पत्र घेऊन मी बराच वेळ बंकवर बसून राहिलो. क्लाइव्हने विचारलं, कुणी गेलं का. मी म्हटलं, हो. दुसरं काय सांगणार.

कोर्टात त्या राखाडी कोट घालून पहिल्या रांगेत बसायच्या. मी त्यांच्याकडे एकदाही नीट बघितलं नाही. त्यांचं नाव जीन आहे हेही मला तुझ्याकडून कळावं.

दुसऱ्या दिवशी रूथला सांगितलं की मी हे करू शकत नाही. कारणही सांगितलं. तिने पियानोचं झाकण लावलं आणि म्हणाली, ''हे मला आधी समजायला हवं होतं.'' चोराचं काम आता क्लाइव्ह करणार. त्याचा आवाज फाटका आहे, पण त्या माणसाला तसाच शोभतो. मला तुरुंगातल्या शिपायाचं काम दिलंय. तीन वाक्यं आणि एक किल्ली. सगळे हसले, मीही हसलो.

आता मी एक मागतो. जीनना तू कोण ते सांग. दुकान सोडलंस, तोंड लपवलंस, तरी वॉटफर्डमध्ये त्यांना ते कधीतरी कळेलच, आणि दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्यांना आणखी एकदा फसवल्यासारखं होईल. हे मी इथे सुरक्षित बसून लिहितोय आणि सांगायचं तुला आहे, हे मला कळतं. तरी सांग.

तुझा,
अपूर्व

*

वॉटफर्ड
३० मार्च २००७

प्रिय अपूर्व,

सांगितलं.

मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी दुकानात गर्दी नव्हती. मी काउंटरमागून बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, ''जीन, माझं आडनाव तुम्हाला माहीत नाही.''

त्या म्हणाल्या, ''तुमची आडनावं मला कुठे उच्चारता येतात.''

मी म्हटलं, ''देवपुजारी.''

त्यांनी ते माझ्यामागून म्हटलं. अख्खं, बरोबर. ते एक आडनाव त्यांना उच्चारता येत होतं.

''तुला कधीपासून माहीत आहे?''

''पहिल्या दिवसापासून.''

त्या उठल्या आणि गोळ्या न घेताच निघून गेल्या. शिल्पा पिशवी घेऊन त्यांच्यामागे धावली. मग मला शिल्पालाही सगळं सांगावं लागलं. ती रागावली नाही, पण म्हणाली की तक्रार आली तर तिच्या हातात काही राहणार नाही. आठवडाभर दुकानातला फोन वाजला की मी आधी शिल्पाच्या तोंडाकडे बघायचे.

या मंगळवारी त्या पुन्हा आल्या. बसल्या नाहीत. हातमोजेही काढले नाहीत. विचारलं, ''तो गाणार आहे?''

मी म्हटलं, ''नाही. त्याने ते काम सोडलं. आता शिपायाचं आहे, तीन वाक्यं.''

''नक्की?''

''नक्की.''

''मी तिकीट काढलंय,'' त्या म्हणाल्या. ''कोर्टात नुसता त्याचा भांग दिसला. मला त्याचा चेहरा बघायचाय.''

त्या येणार आहेत, अपूर्व. मी त्यांना शब्द दिलाय.

त्याच संध्याकाळी मी आईंनाही फोन केला. एकदा तोंड उघडलंच होतं. सगळं सांगितलं, मिस्टर हॉलिससुद्धा. मग त्यांनी विचारलं, ''जेवायला काय देतात तिथे?'' मी सांगितलं तेवढं ऐकून घेतलं, आणि शशीभावजींना फोन दिला. तू त्यांना फोन कर. जर्मनीचं काही बोलू नकोस.

निवेदिता

*

१८ एप्रिल २००७

निवेदिता,

हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही हे माहीत असूनही लिहितोय.

आज न्याहारीच्याही आधी दोन ऑफिसर आले आणि क्लाइव्हला सामान भरायला सांगितलं. दुसऱ्या तुरुंगात बदली. कारण सांगत नाहीत, आधी कळवत नाहीत, इथे असंच असतं. उद्या प्रयोग आहे.

ते काम माझ्याशिवाय कुणालाच येत नाही. रूथ म्हणाली, ''मी तुला आग्रह करणार नाही. नाही म्हणालास तर मी आताच रद्द झाल्याचं सांगते.'' ती असं म्हणाली तेव्हा टेरी कोट हातावर घेऊन उभा होता. त्याची मुलगी न्यूकासलहून निघालीसुद्धा आहे. सगळे नुसते उभे होते.

मी हो म्हणालो.

विंगवरचे फोन रविवारपासून बंद आहेत. रूथला म्हटलं निवेदिताला कळव, पण बाहेरच्या माणसांना आमचे निरोप न्यायला बंदी आहे. तिची नोकरी जाईल. ऑफिसरला विचारलं, तो म्हणाला बघतो. तो बघणार नाही.

तू जीनना नक्की म्हणून सांगितलंयस. उद्या त्या तुझ्याकडे बघतील.

अपूर्व

*

२० एप्रिल २००७

निवेदिता,

तुम्ही दोघी शेजारी बसला होतात. ते मला पहिल्याच प्रवेशात दिसलं. शेजारी कशा, हे अजून कळलेलं नाही. मी छडी फिरवत आलो तेव्हा तू तोंडावर हात ठेवलास. त्यानंतर मी त्या बाजूला बघितलं नाही.

दोराखाली उभा राहिलो. माफी आली, सगळे ओरडले, रूथने सूर दिला आणि माझा आवाज निघाला नाही. तिने पुन्हा सूर दिला. नाहीच. मग ती पियानोवर तसंच पुढे वाजवत गेली आणि टेरीने माझ्या ओळी म्हटल्या. लोकांना वाटलं तसंच बसवलंय. उभे राहून टाळ्या वाजवल्या. ते खाली बसले तेव्हा दुसऱ्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

नंतर चहा होता, घरच्या माणसांबरोबर. टेरीची मुलगी आली होती. मी हातमोजे काढून बिस्किटांच्या टेबलापाशी उभा राहिलो, दार उघडलं की बघायचो.

माझ्यामुळे तू त्यांच्यासमोर खोटी ठरलीस. तू उठून गेलीस त्याचा मला राग नाही. पण पुढच्या भेटीला येणार नसशील तर तसं लिही. रविवारी नाव पुकारायची वाट बघत बसायला लावू नकोस.

अपूर्व

*

वॉटफर्ड
२६ एप्रिल २००७

प्रिय अपूर्व,

तुझी दोन्ही पत्रं आज एकदमच आली. मी येणार आहे, रविवारी. ते आधी वाच आणि मग पुढचं.

हॉलमध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. जीनची जागा मागे होती, पण त्या स्वतः येऊन माझ्याजवळ बसल्या. ''इथे मी दुसऱ्या कुणाला ओळखत नाही,'' म्हणाल्या. मग दिवे लागले आणि तू आलास. त्यांनी पर्स घट्ट धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ''हा तू म्हणालीस तो शिपाई नाही.'' मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. त्यांचा विश्वास बसला असेल असं मला वाटलं नाही. मध्यंतरात त्या उठल्या नाहीत, मीही नाही.

दोराखाली तुझा आवाज बंद पडला आणि सगळे टाळ्या वाजवायला उभे राहिले, तेव्हा त्याही उठल्या, पण दाराकडे निघाल्या. त्यांचा तोल जात होता. मी मागे गेले.

तिथून असं बाहेर पडता येत नाही हे तुला माहीतच आहे. एका ऑफिसरने आम्हाला दोन दारांच्या मधल्या जागेत नेलं. मागचं दार लागलं, आणि पुढचं काही उघडेना. आतून कुणीतरी बटण दाबायचं असतं, तो माणूस जागेवर नव्हता. ऑफिसर रेडिओवर बोलत राहिला. बसायला काही नाही. भिंतीतून पियानो ऐकू येत होता.

जीन म्हणाल्या, ''रॉनला असली नाटकं सहन व्हायची नाहीत. तो पहिल्या गाण्यालाच उठून गेला असता.''

मी पुढच्या दाराकडे बघितलं.

मग त्यांनी विचारलं, ''तो गाणं विसरला का?''

''नाही. तालमीतही तिथे त्याचा आवाज बंद पडायचा.''

''म्हणजे तो अभिनय नव्हता.''

''नाही.''

त्या भिंतीला टेकल्या. ''मला बघायचं होतं, त्याला मजा येते का,'' म्हणाल्या. ''येत असती तर बरं झालं असतं. मग मला घरी जाऊन काय वाटून घ्यायचं ते कळलं असतं.''

त्या रडल्या नाहीत. मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायचा मला हक्क नाही असं वाटलं, म्हणून मी त्या ऑफिसरच्या बुटांकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ''सुटल्यावर त्याला तुमच्या देशात परत पाठवतील ना?''

मी म्हटलं, ''नाही. आम्ही इथलेच नागरिक आहोत. मुलगी इथेच जन्मली.''

''मग तो वॉटफर्डलाच येणार.''

''हो.''

''कधी?''

''पुढच्या वर्षी. तारीख अजून ठरलेली नाही.''

मला वाटलं आता त्या म्हणतील, तुम्ही घर बदला. मी मनात उत्तरसुद्धा तयार केलं होतं. बदलतो म्हणणार होते.

''तारीख ठरली की मला आधी कळव,'' त्या म्हणाल्या. ''ऑफिसरच्या फोनवरून नको. तू सांग. रस्त्यात तो अचानक समोर आलेला मला चालणार नाही. मी त्या आठवड्यात माझ्या बहिणीकडे जाईन, नॉर्विचला.''

मी विचारलं, ''आणि त्यानंतर?''

''त्यानंतर परत येईन. माझंही घर तिथेच आहे.''

तेवढ्यात दार उघडलं. बाहेर मी त्यांना स्टेशनपर्यंत सोडते म्हटलं. त्या म्हणाल्या, ''तुमच्या गाडीत मी बसणार नाही,'' आणि टॅक्सीची वाट बघत गेटपाशी उभ्या राहिल्या. टॅक्सी येईपर्यंत मी थांबले. थोडं अंतर ठेवून.

परवाच्या मंगळवारी त्या दुकानात आल्या आणि शिल्पाच्या बाजूला गेल्या. माझ्याकडे बघून मान हलवली, एवढंच. पुढेही तेवढंच असेल कदाचित, किंवा तेही नसेल. मला माहीत नाही.

तुला मी एकच सांगते. तुला सुटकेची तारीख कळली की त्याच दिवशी मला लिही. आईंना नंतर कळवू, दियालाही नंतर सांगू. तुझं पत्र मिळालं की मला आधी जीनकडे जायचंय.

रविवारी येते.

तुझी,
निवेदिता